गणिताची गोडी लावणारे गुरुजी

“गणित माझ्या डोक्यात शिरत नाही,” असे म्हणणारी मुले घरोघरी आहेत. अशाच मुलांना हायमे एस्कलांटे यांनी गणित शिकवले. मूळचे बोलिव्हियातील हे शिक्षक १९६३ साली अमेरिकेत गेले. तेथे हॉटेलात फरशी पुसली, शिक्षण पुन्हा केले आणि १९७४ साली लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये ते रुजू झाले.

तेथील बहुतेक मुले मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी घरांतली. त्यांना बास्केटबॉलचे वेड, आणि गुरुजींनाही! त्यांनी गणिताच्या रीतींना, चुकांना खेळातलीच नावे दिली. शाळेआधी आणि शाळेनंतर तास घेतले, पालकांना घरी फोन केले. माया लावली, पण अभ्यासात सूट दिली नाही.

१९८२ साली त्यांचे १८ विद्यार्थी कॉलेजच्या दर्जाच्या कॅल्क्युलस परीक्षेत पास झाले. त्यांतील १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. १२ जण पुन्हा परीक्षेला बसले, आणि बाराही पास झाले!

पालकहो, आपल्या मुलाला क्रिकेट आवडते ना? मग आज त्याच्याकडून आवडत्या फलंदाजाची सरासरी काढून घ्या. त्याला कशाची गोडी आहे, हे त्याच्या गुरुजींनाही भेटून सांगा.