बेताच्या पैशांत मोटार

मोटार घ्यावयाची ठरली कीं घरांत दोन पक्ष पडतात : मुलांस उंच 'एसयूव्ही' हवी, वडीलधाऱ्यांस स्वस्त 'हॅचबॅक'. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर जीएसटी २८ ऐवजीं १८ टक्के झाला. ही सवलत दोहोंसही असल्यानें निवाडा आपल्या वाटेवरून करावा. गोंदिया शहरापुरतेंच फिरणें असेल तर ठेंगणी स्विफ्ट पुरे. सालेकसा-देवरीकडील खेड्यांत वरचेवर जाणें असेल तर जमिनीपासून अधिक उंचीची पंच बरी. मातोश्रींस चढणें-उतरणें झेपतें कीं नाहीं, हें त्यांस प्रत्यक्ष बसवूनच पाहावें. शोभेवर पैसा वेंचण्यापूर्वीं 'भारत एनसीएपी'चे सुरक्षेचे तारे पाहावे. गेलेलें द्रव्य पुन्हां मिळवितां येतें, माणूस मिळत नाहीं.