धुळीच्या जिल्ह्यात इंडक्शन किट

ऑक्टोबरात वाशिमच्या रिसोड-मालेगाव पट्ट्यात सोयाबीनवर हडंबा (मळणीयंत्र) चालू झाला की कुटाराची धूळ बांधावर उभ्या माणसाच्या भुवयांवर बसते. जुन्या ट्रॅक्टरचा जाणता ड्रायव्हर त्या दिवसांत सकाळी आधी एअर क्लीनरची वाटी सोडवतो, तळाला बसलेला काळा गाळ फेकतो आणि नवं तेल खुणेपर्यंत भरतो. हवा तेलावर आपटते, जड कण तेलातच राहतात, उरलेले वरच्या जाळीत अडकतात. त्याच घरातला पोरगा मात्र कारचा कंपनीचा फिल्टर काढून तिथे चकचकीत शंकू बसवायला निघालेला असतो. पिकअप वाढतो, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं.

बाजारात दोन वेगळ्या वस्तू ‘इंडक्शन किट’ या एकाच नावाने खपतात. पहिली म्हणजे कंपनीच्याच डब्यात बसणारा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर. तेल लावलेल्या सुती जाळीचा हा प्रकार १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘के अँड एन’ने जगभर नेला. दुसरी वस्तू खरं इंडक्शन किट: डबाच काढायचा, नवा पाइप टाकायचा आणि टोकाला उघडा शंकू लावायचा.

इंजिनाला हवा किती लागते ते पाहू. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलमागे जवळपास नऊ हजार लिटर हवा. दीड लिटरचं इंजिन सहा हजार आरपीएमला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला साडेचार हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. कंपनीचा कागदी फिल्टर हे गणित धरूनच बनवलेला असतो, त्यामुळे साध्या इंजिनात नुसता शंकू लावून हाती लागणारी ताकद नगण्य. अ‍ॅव्हरेजचंही तसंच. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोक करून पाहिले. वेग पकडायला गाडी कमी पडली, पण इंधनाच्या खपात म्हणावा असा फरक पडला नाही. मग किट लावल्यावर गाडी ‘उडते’ असं का वाटतं? कंपनीच्या डब्यात आवाज दाबायची सोय असते, तीच गेलेली असते. कानाला वेग वाढल्यासारखा वाटतो, काट्याला नाही.

उन्हाळ्यात तर उलटंच होतं. कंपनीचा पाइप बहुधा रेडिएटरच्या पुढून बाहेरची हवा घेतो. उघडा शंकू बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि आत ६५ धरले, तर हवा साधारण साडेसहा टक्के विरळ होते. त्या मानाने ताकदही घटते. चांगल्या किटमध्ये शंकूभोवती बंद पेटी आणि बाहेरून येणारी नळी असते. स्वस्तात ती पेटीच गाळलेली असते.

पण आपल्याकडे खरी गोष्ट धुळीची आहे. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारला चढेपर्यंत निम्मी वाट पांदणीची असेल, तर गाडी तेवढा वेळ वाळूचेच कण पीत असते. हे सिलिकाचे कण बोअरच्या भिंतीला घासतात. रिंगा सैल होतात, गाडी ऑइल खायला लागते, धूर मारते. डिझेल टर्बोत आधी टर्बोची पाती झिजतात. तेलाची सुती जाळी नीट सांभाळली तर बरं काम करते. पण तेल कमी पडलं की धूळ आत जाते आणि जास्त झालं की ते उडून हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या तप्त तारेवर बसतं. तिथे धूळ चिकटली की कॉम्प्युटर हवा चुकीची मोजतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

ज्यांनी किट लावलंच आहे, त्यांनी फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडचा पाइप उघडून आतून पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर मातीची पूड आली, तर फिल्टर गळतोय किंवा क्लॅम्प सैल आहे. त्या गाडीने पांदण ओलांडू नये. पावसाळ्यात नळीचं तोंड बंपरखाली असेल, तर नाल्यातलं पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मोठं काम निघतं.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला, दर फेरफारामागे, पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. डब्यात बसणारा फिल्टर सहसा कुणाच्या डोळ्यावर येत नाही. गर्जना करणारी एमएच-३७ पाटीची गाडी येते. वॉरंटीचा दावा फेटाळायला कंपनीलाही आयतं कारण मिळतं.

टर्बो मोठा केलाय, कॉम्प्युटर नव्याने ट्यून केलाय, गाडी रॅलीत पळवायची आहे, अशांना हे किट शोभतं. बाकीच्यांनी कंपनीचाच कागदी फिल्टर ठेवावा. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत तो ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलायला सांगितलेला असतो, पण धुळीच्या भागात लवकर, हेही तिथेच लिहिलेलं असतं. वाशिम जिल्हा धुळीचा भाग आहे. सोयाबीन घरात आलं की एकदा डबा उघडून बघा, आणि कॉम्प्रेसरने जोरात हवा मारून कागद फाडण्यापेक्षा नवाच टाका.