श्रद्धा, प्रीती आणि रहस्य : एका दुभंगलेल्या त्रिवेणीचा मागोवा

केंद्र सरकारने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि त्या आनंदाचे चौघडे पुरते थांबतात न थांबतात तोच, आमच्या गोंदिया जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाने जागेच्या टंचाईची सबब पुढे करून आपली जुनी पुस्तके निर्लेखित केली व रद्दीच्या भावाने विकून टाकली. त्या ढिगात रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर होते, सुहास शिरवळकर होते, नारायण धारप होते. आणि ज्यांचा या मंडळींशी कोणी कधी संबंध जोडला नाही, त्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरीही तेथेच होती. रहस्यकथांना ‘हलके वाङ्मय’ म्हणून आणि ‘यमुनापर्यटना’ला ‘धर्मविषयक, इतर’ म्हणून दप्तरात नोंदवून घेतलेले असल्यामुळे, एकाच कलमाच्या फटकाऱ्याने दोघांचीही रवानगी करणे कारकुनास सोपे गेले. हे वर्तमान ऐकल्यापासून मनास जी टोचणी लागली, तिच्यामुळेच हा मागोवा घेण्यास प्रवृत्त झालो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मराठी कादंबरी जन्मास आली तेव्हा श्रद्धा, प्रीती आणि रहस्य या तीन गोष्टी तिच्या ठायी एकत्र नांदत होत्या. पुढे विद्वज्जनांनी श्रद्धेस मिशनच्या छापखान्यात, प्रीतीस मासिकांच्या पानांत आणि रहस्यास रेल्वेस्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात हद्दपार केले व उरलेल्यास ‘साहित्य’ ही पदवी बहाल केली. या वाटणीने तिघींचेही नुकसान झाले आणि सर्वांत अधिक नुकसान वाचकाचे झाले.

ही त्रिवेणी आमच्या मुलखास परकी नव्हती. आमगावाजवळचे पदमपूर हेच महाकवी भवभूतीचे पद्मपूर होय, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले आहे. त्या भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या नाटकात काय आहे? बौद्ध परिव्राजिका कामंदकी दोन प्रेमिकांच्या मीलनासाठी मसलती रचते. अघोरघंट नामक कापालिक नायिकेस चामुंडेपुढे बळी देण्यासाठी उचलून नेतो. आणि स्मशानात भटकणारा माधव ऐन क्षणी धावून येतो. एक सात्त्विक श्रद्धा, दुसरी विकृत श्रद्धा, त्यांच्या मध्ये अनुराग आणि सर्वांवर भयाची छाया, असा हा संविधानक-बंध इसवीच्या आठव्या शतकातील आहे. आज ज्यास आपण थरारक प्रणयकथा म्हणतो, तिच्याहून तो कोणत्या अंगाने न्यून आहे, हे कोणी सांगावे!

बाबा पदमनजींचा जन्म 1831 मध्ये बेळगावी झाला आणि 1854 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु त्या दोन घटनांच्या दरम्यान जो काळ गेला, तोच माझ्या मते त्यांच्या लेखनाचा खरा उगम होय. अंतःकरण एका देवापाशी आणि आचरण दुसऱ्या रूढीपाशी, घरच्या माणसांच्या देखत एक आणि एकांतात दुसरे, अशा द्विधा अवस्थेत त्या तरुणाने दिवस काढले. त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्या घालमेलीची कैफियत विस्ताराने आली आहे. ज्याने स्वतःचा विश्वास असा दडवून बाळगला, त्यास गुपित म्हणजे काय हे कोणा परदेशी कादंबरीकाराकडून शिकावे लागले नाही. 1856 च्या विधवाविवाहाच्या कायद्यामागोमाग, 1857 साली, त्यांची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश होतो. विनायकराव व यमुना हे परस्परांवर मनापासून अनुरक्त असलेले दांपत्य प्रवासास निघते, वाटेत विधवांची दुःखे पाहते आणि पुढे यमुनेवरच वैधव्याचा घाला पडतो. उपदेशाचा भार या कादंबरीत अधिक आहे, हे मान्य. पण या स्त्रीचे आता काय होणार, ही उत्कंठा शेवटपर्यंत सुटत नाही. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप करणाऱ्या, नियतकालिके चालविणाऱ्या आणि शेकडा भरेल इतके ग्रंथ लिहिणाऱ्या या पुरुषास आमच्या पाठ्यक्रमांनी ‘आद्य कादंबरीकार’ असा एका ओळीचा दाखला देऊन निरोप दिला. 

यानंतरची कित्येक दशके मी भरभर ओलांडतो. ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मंजुघोषा’ (1868) या कादंबऱ्यांच्या अद्भुतरम्य दालनांतून श्रद्धा निघून गेली व केवळ कल्पनेचा विलास उरला. सामाजिक कादंबरीचे युग आले, त्याचे गुणगान पुष्कळ झाले आहे. मग कला की जीवन या वादात एक पिढीच्या पिढी खर्ची पडली. त्या वादाचे दोन्ही पक्ष वाचताना मला कंटाळा येई आणि आजही येतो.

परंतु या ओसाड वाटेवर एक प्रसंग असा आहे की, त्यापाशी गोंदियाच्या माणसाने थांबलेच पाहिजे. 1893 साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले असता आगगाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनरीशी भेट झाली. त्याने बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला व ते भाकीत खरे ठरले. बेंगॉल-नागपूर रेल्वेचा तो मार्ग गोंदियावरूनच जातो. आमगाव, सालेकसा, दरेकसा येथील शेते व अरण्ये ओलांडल्यावाचून राजनांदगाव येत नाही. मराठी काव्यास नवे वळण देणाऱ्या पुरुषाचे आयुष्य ज्या प्रवासात पालटले, तो आमच्या दारावरून झाला. आणि या जिल्ह्यात, जो 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन पंचविशी ओलांडून पुढे आला आहे, त्या घटनेचे स्मरण करणारा एक फलकसुद्धा माझ्या पाहण्यात नाही.

आता ज्या दशकात मी स्वतः वाढलो, त्या 1975 ते 1985 या काळाकडे वळतो. तेव्हा गोंदिया हे भंडारा जिल्ह्यातील तहसिलीचे गाव होते. भाताच्या गिरण्या, बिडीचे कारखाने, तेंदूपत्त्याचे ठेकेदार आणि रेल्वे यांवर त्याचा संसार चाले. बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी गाडी एवढ्या संथपणे चाले की, एका बैठकीत एक कादंबरी सहज संपावी. स्थानकावरील दुकानात हिंदी पॉकेट बुक्सची भाऊगर्दी असे, कारण आमच्या गावाचे अर्धे बोलणे हिंदीतून होते. तरीही त्या गर्दीत मराठी पुस्तकांची एक फळी आपला मान राखून उभी असे. बाजारात लहान लहान खाजगी वाचनालये होती. मासिक वर्गणी भरावी, अनामत ठेवावी आणि खाकी पुठ्ठ्याचे वेष्टन घातलेले, कोपरे झिजलेले पुस्तक घेऊन जावे, असा शिरस्ता होता. गिरणीतले मुनीम, मालगाडीचे गार्ड, शाळामास्तर, दुपारी घरकामातून मोकळ्या झालेल्या गृहिणी, सर्वांचे नाव त्याच एका नोंदवहीत असे.

या वाचकांनी काय वाचले? एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड त्यांनी वाचला. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांसाठी त्यांनी आपली पाळी येण्याची वाट पाहिली. धारपांचा ‘समर्थ’ दुष्ट शक्तींशी झुंजताना ज्या श्रद्धेचा आधार घेई, ती त्यांना आपल्या देवघरातील समईइतकी ओळखीची वाटली. शिरवळकरांनी तर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी आणि दारा बुलंद अशी नायकांची मालिकाच उभी केली आणि 1982 मध्ये ‘दुनियादारी’ लिहून सिद्ध केले की, रहस्याच्या शाळेत हात बसलेला लेखक प्रीतीचे दुःखही तितक्याच सामर्थ्याने सांगू शकतो. उत्कंठा कशी ताणावी, वाक्य कोठे तोडावे, वाचकास पान कसे उलटावयास लावावे, ही विद्या त्याने त्या तथाकथित हलक्या वाङ्मयातच कमावली होती.

रेल्वेच्या वसाहतीत आमच्या परिचयाचे एक मराठी ख्रिस्ती कुटुंब होते. त्या घरातील गृहिणीस आम्ही सारी मुले मावशी म्हणत असू. पहाटे बायबल, दुपारी ‘ज्ञानोदय’ आणि रात्री यजमान ड्यूटीवर गेले की अर्नाळकर, हा त्यांचा नित्यक्रम होता आणि त्यात त्यांना कोणतीही विसंगती वाटत नसे. मी एकदा झुंजारच्या पराक्रमाचे वर्णन करीत असता त्यांनी कपाटातून ‘स्मृतिचित्रे’ काढून माझ्या हाती ठेवले आणि म्हणाल्या, “बाळ, हे घेऊन जा. या बाईच्या पुस्तकात तुझ्या झुंजारपेक्षा मोठा धसका आहे. नवरा हयात असून हरवला आहे आणि तो परत मिळेल की नाही हे तिलाही ठाऊक नाही.”

त्या दृष्टीने मी ते पुस्तक वाचले आणि तेव्हापासून माझी अशी ठाम धारणा झाली की, श्रद्धा, प्रीती व रहस्य यांचा संगम मराठीत जर कोठे पूर्णत्वास गेला असेल, तर तो त्याच नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या त्या आत्मकथनात होय. न सांगता घर सोडून जाणारा, विरक्ती आणि संसार यांमध्ये हेलकावणारा तो पती. त्याच्या धर्मांतराची वार्ता कानी येताच कोसळलेली ती पत्नी. माहेर-सासरच्या सोवळ्यात व सहानुभूतीत काढलेली वियोगाची वर्षे. नंतर नगरला पतीच्या सान्निध्यात येऊनही प्रारंभी वेगळी मांडलेली चूल. आणि शेवटी कोणाच्याही सक्तीवाचून, स्वतःच्या विवेकाने, तिने केलेला श्रद्धेचा स्वीकार. येथे खलपुरुष कोणी नाही, तरी प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस जीव टांगणीस लागतो. अक्षरओळख पतीने करून दिलेल्या या स्त्रीने पुढे 1933 मध्ये नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले आणि टिळकांच्या निधनानंतर अपुरे राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तडीस नेले. तिची प्रेरणा कोणती, असे विचारणाऱ्यास एवढेच उत्तर आहे की, ज्याच्यावर प्रेम केले त्याचा देव कोण आहे, हे शोधण्याची तिला निकड होती.

मी वाढलो त्याच दशकात झालेला एक उपमर्द मी अद्याप विसरलो नाही. आमच्या भागातील एका वाङ्मयीन सभेत बाहेरगावाहून आलेल्या एका प्राध्यापकांनी असे प्रतिपादन केले की, रहस्यकथा वाचणे हे अफूच्या व्यसनासारखे असून ख्रिस्ती मंडळींचे लेखन हे प्रचारपत्रकाच्या पलीकडे जात नाही. सभेत टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत ती मावशी बसली होती. ती काही न बोलता उठून गेली. त्या विद्वानांनी अर्नाळकरांचे एखादे तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते काय, 1616 साली राशोलला छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’ची मराठी त्यांनी कधी ओठांवर घोळवली होती काय, हे विचारण्याचे धैर्य सभेत कोणी दाखविले नाही. आज वाचनालयातून जी पुस्तके रद्दीत गेली, त्यांच्या निष्कासनाचा हुकूम वस्तुतः त्या दिवशीच लिहिला गेला होता. बजावणी तेवढी उशिरा झाली.

पुढील काळाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. खाजगी वाचनालये एकामागून एक बंद झाली. अर्नाळकर 1996 मध्ये, शिरवळकर 2003 मध्ये, धारप 2008 मध्ये गेले. छोट्या गाडीचा रूळ उखडून मोठा आला. स्थानकावर आता पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइलचे चार्जर मिळतात, मराठी पुस्तक मिळत नाही. ‘दुनियादारी’वर 2013 मध्ये चित्रपट निघाला तेव्हा, ज्यांनी लेखकास हयातीत ओळख दिली नाही, त्यांनीच त्याच्या लोकप्रियतेची मीमांसा केली.

इतर देशांत मात्र श्रद्धा, प्रीती व रहस्य यांच्या संगमाची ही वाट बुजली नाही. अमेरिकेत ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (1865–1947) या लेखिकेने श्रद्धावान नायिकांच्या प्रणयकथांनी एक वाचकवर्गच निर्माण केला. आणि 1990 नंतरच्या दशकात टेरी ब्लॅकस्टॉक हिने, प्रणयकादंबऱ्यांचा चाललेला व्यवसाय सोडून, आपल्या विश्वासाशी सुसंगत अशा रहस्यकादंबऱ्या लिहिण्याचा निश्चय केला व तो निभावला. तेथे अशा लेखनास स्वतंत्र प्रकाशक आहेत, पुरस्कार आहेत, दुकानात निराळी मांडणी आहे. आमच्याकडे पदमनजींनी ही पेरणी 1857 सालीच केली होती, आणि तरीही आज एखाद्या मराठी ख्रिस्ती तरुणीने गुन्हा, अपराधभाव, क्षमा आणि अनुराग यांची कादंबरी लिहिली, तर तिचे हस्तलिखित कोणत्या प्रकाशकाने स्वीकारावे, याचा मला उलगडा होत नाही. धार्मिक प्रकाशक म्हणेल, यात खून आहे. साहित्यिक प्रकाशक म्हणेल, यात प्रार्थना आहे. आणि लोकप्रिय प्रकाशक तर उरलेलाच नाही.

सामग्रीची वाण मात्र या मुलखात नाही. नवेगावबांधच्या तलावाने व अरण्याने मारुती चितमपल्लींच्या लेखणीस आयुष्यभर पुरेल असा विषय दिला. नागझिऱ्याची रात्र, दरेकशाचे डोंगर, हाजरा धबधब्याचा कडा, सीमेवरून येणारी-जाणारी मालगाडी, चार भाषा बोलणारा बाजार आणि मंदिर, मशीद, चर्च व गोंडांचे पेन (देव) एकाच तालुक्यात पूजणारी माणसे, एवढे भांडवल भवभूतीच्या या भूमीत आजही पडून आहे. अभिजात दर्जाच्या निमित्ताने शासनाकडून भाषेसाठी ज्या तजविजी होतील, त्यांतून आमच्या जिल्ह्याच्या वाचनालयांत एक फळी अशी राखली जावी की, जीवर ‘मालतीमाधव’, ‘यमुनापर्यटन’, ‘स्मृतिचित्रे’, अर्नाळकर, धारप आणि शिरवळकर शेजारी शेजारी उभे राहतील आणि दप्तरात त्यांच्यापुढे ‘हलके’ वा ‘इतर’ असा शेरा नसेल. ही मागणी मी वाचनालयांच्या कार्यकारिणींकडे लेखी करणार आहे, आणि ज्यांना माझे म्हणणे पटेल त्यांनीही ती करावी; कारण जी भाषा आपल्या वाचकांच्या रात्री विसरते, तिला राजमान्यतेचा कागद फार काळ तारू शकत नाही.