दुकानच्या संगणकाचे दार : क्रमांक बदला, कुलूपही लावा

कारखाना एकीकडे, दुकान दुसरीकडे आणि हिशेब लिहिणारा तिसरीकडे, अशी आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची स्थिती असते. म्हणून दुकानच्या संगणकावरील टॅलीचे हिशेब घरबसल्या पाहण्याची सोय पुष्कळांनी करून घेतली आहे. विंडोजमध्ये या सोयीला ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणतात. सोय उत्तम आहे. परंतु ती बसवून देणारा निघून गेला की तिच्याकडे कोणी पाहत नाही. धोका तेथेच आहे.

गोदामाला अनेक दरवाजे असावेत आणि प्रत्येकावर क्रमांक असावा, तशी संगणकात बाहेरून येणाऱ्या कामांसाठी क्रमांकांची दारे असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. हे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. रिमोट डेस्कटॉपचा ठरीव क्रमांक ३३८९ हा आहे आणि तो चोरांनाही पाठ आहे. त्यांचे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरून हे दार कोठे उघडे आहे ते शोधतात आणि एकामागून एक पासवर्ड लावून पाहतात. आत शिरकाव झाला की फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली जाते. उधारीची खाती, जीएसटीची बिले, सारे एका रात्रीत हातचे जाते.

ही वर्दळ कमी करण्यासाठी दाराचा क्रमांक बदलता येतो. हे काम दुकानात, त्याच संगणकापुढे बसून करावे. दुरून करताना चूक झाली तर आपणच बाहेर राहू.

प्रथम ४९१५२ ते ६५५३५ यांमधील एक क्रमांक निवडावा. विंडोजच्या फायरवॉलमध्ये त्या क्रमांकाला टीसीपीने आत येण्याची परवानगी द्यावी. मग रजिस्ट्री एडिटर उघडून आधी तिची प्रत काढून ठेवावी. ‘एचकी लोकल मशीन’मध्ये सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर, विनस्टेशन्स आणि आरडीपी-टीसीपी अशा क्रमाने आत जावे. तेथे ‘पोर्ट नंबर’ उघडून ‘डेसिमल’ निवडावे, नवा क्रमांक लिहावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. राउटरमध्ये जुना क्रमांक नोंदवला असल्यास तोही बदलावा. यापुढे जोडणी करताना पत्त्यानंतर कोलन देऊन नवा क्रमांक लिहावा लागेल. नवी जोडणी चालते याची खात्री झाल्यावर ३३८९ ची परवानगी बंद करावी.

एवढ्याने निश्चिंत होऊ नये, असे आम्ही आवर्जून सांगतो. क्रमांक बदलणे म्हणजे दुकानाची पाटी काढणे. कुलूप लावणे नव्हे. सर्व दारे तपासणाऱ्याला नवे दारही सापडते. मे २०१९ मध्ये ‘ब्ल्यूकीप’ नावाचा दोष उघड झाला. त्यामुळे विंडोज ७ व त्याआधीच्या काही विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपवाटे पासवर्डशिवाय शिरता येत होते. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच साहाय्य बंद केलेल्या एक्सपीसाठीही तेव्हा दुरुस्ती दिली. ती दुरुस्ती न बसवणाऱ्याचे रक्षण नुसत्या बदललेल्या क्रमांकाने होणार नव्हते.

म्हणून पासवर्ड लांब ठेवावा, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होईल अशी व्यवस्था करावी, ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ चालू ठेवावे आणि विंडोजच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. सर्वांत चांगले म्हणजे व्हीपीएन घेऊन हे दार रस्त्यावर उघडूच नये.

हे स्वतः जमत नसेल तर संगणकाचे काम पाहणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत : आमचे दार इंटरनेटवर उघडे आहे काय? शेवटची दुरुस्ती कधी बसवली? हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर, संगणकापासून सोडवून ठेवली आहे काय? तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी सारे बाजूला ठेवून आजच ती प्रत काढावी.