खाणीजवळचे कारखाने

ज्या छत्तीसगडचा कारभार भोसल्यांच्या अमदानीपासून 1956 पर्यंत बहुतांशी नागपूरच्या दप्तरातून चालला, त्या मुलखात, रायपूर शहराला लागूनच, बीरगांव वसले आहे. त्याच्या आसपासच्या उरला व सिलतरा या औद्योगिक वसाहतींत जिकडेतिकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि सळईच्या गिरण्या दिसतात.

खनिज जवळ असूनही हे कारखाने इतक्या उशिरा का वाढले, याचे उत्तर थोडेफार सरकारी सद्धेतूत सापडते. देशाचा समतोल विकास व्हावा म्हणून 1950 नंतर वाहतूकखर्च समान करण्याचे धोरण आले आणि भिलाईचे पोलाद भिलाईच्या वेशीवर व मुंबईत एकाच भावाने मिळू लागले. मग खाणीच्या शेजारी गिरणी काढण्याची निकड कोणाला भासणार? 1992 च्या सुमारास पोलादापुरते हे बंधन उठले, 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले, आणि भांडवल इकडे वळले.

येथील भट्टी म्हणजे किंचित उतरते, सावकाश फिरणारे लांबलचक नळकांडे. त्यात लोहखनिज व कोळसा सुमारे 1000 अंशांवर एकत्र तापवतात. खनिज वितळत नाही, त्यातला प्राणवायू तेवढा निघून जातो, आणि थंड झालेल्या मालातून सच्छिद्र लोखंड, म्हणजेच स्पंज आयर्न, चुंबकाने उचलले जाते. परदेशी कोकिंग कोळशावाचून, बेताच्या भांडवलात हे साधते. भट्टीतून निघणाऱ्या तप्त वायूवर वीज करणे आणि त्या लोखंडापासून ओतलेले लालभडक बिलेट, म्हणजे पोलादाचे ठोकळे, निवू न देता थेट गिरणीत घालणे, हे मात्र खरे कसब. तिथे बचत खाणीने नव्हे, बुद्धीने केलेली असते.

परंतु सळई सगळेच करतात, म्हणून चढाओढ केवळ भावाची राहते. 2024 च्या जुलैत विजेच्या दरवाढीवरून राज्यातील अनेक पोलाद कारखान्यांनी काम थांबवले, त्यावरून नफ्याची साय किती पातळ आहे ते कळते. धूळ अडवणाऱ्या यंत्रणेलाही वीज लागते, आणि तेथे केलेली काटकसर बीरगांवकरांच्या गच्चीवर काळ्या थराने उतरते; तिला स्पर्धाक्षमता म्हणणे मला तरी मान्य नाही.

भावाच्या या चढाओढीतून सुटायला खाणीची जवळीक पुरत नाही. छत्तीसगडच्याच बस्तरातील बैलाडिलाचे खनिज 1960 च्या दशकापासून जपानने नेले, आणि स्वतःच्या खाणी जवळपास नसताना मोटारी व यंत्रे जगाला विकली. सिलतऱ्याच्या गिरणीवाल्याला सळईपुढे जाऊन मिश्रधातूचे पोलाद किंवा यंत्रांचे सुटे भाग करावयाचे असतील, तर त्याला आणखी एका खाणपट्ट्यापेक्षा धातूची परीक्षा करणारी सामायिक प्रयोगशाळा, भट्टीवरल्या कंत्राटी मजुराला पक्की नोकरी व शिक्षण, आणि लहान कारखानदाराला वाजवी व्याजाचे कर्ज यांची निकड अधिक आहे.