अधिकांचे सुख आणि एकाचा हक्क

मंडळाची वार्षिक सभा असो, ग्रामसभा असो की घरातल्या चारचौघांची बैठक असो, निर्णयाची वेळ आली की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘जास्त लोकांचे भले होईल ते करा.’ ऐकायला हे वाक्य बिनतोड वाटते. पण त्याच्या पोटात एक मोठा विचार आहे आणि एक मोठा धोकाही आहे. आमच्या सभासदांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, दोन्ही ओळखून असावेत म्हणून हा लेखप्रपंच.

या विचाराला मराठीत उपयुक्ततावाद म्हणतात. इंग्लंडमधील कायदेपंडित जेरेमी बेंथॅम (१७४८-१८३२) यांनी १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कोणतेही कृत्य चांगले की वाईट हे त्याच्या परिणामांवरून ठरवावे. रूढी काय सांगते, पोथी काय सांगते, हे पाहू नये. त्या कृत्याने एकंदर सुख वाढते की दुःख वाढते, एवढेच पाहावे. आणि हा हिशेब करताना राजाचे सुख मोठे व रंकाचे लहान असे धरू नये. ज्या काळात जन्मावरून माणसाची किंमत ठरत होती, त्या काळात हा विचार केवढा क्रांतिकारक होता, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. मुक्या जनावरांनाही वेदना होतात, म्हणून तीही हिशेबात धरली पाहिजेत, असेही बेंथॅम यांनी त्याच ग्रंथात सुचविले होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आमच्यासारख्या एखाद्या मंडळाकडे जयंतीच्या वर्गणीतून काही रक्कम शिल्लक राहिली. काही सभासद म्हणतात, पुढच्या मिरवणुकीला मोठा साऊंड आणि रोषणाई करू. पाचशे माणसे खूश होतील. काही म्हणतात, अभोण्याच्या पलीकडच्या पाड्यावरची एक मुलगी बारावी झाली आहे, तिला नर्सिंगला जायचे आहे, तिची पहिल्या वर्षाची फी भरू. एकीकडे पाचशे माणसे आणि दुसरीकडे एक. मग उपयुक्ततावाद मिरवणुकीच्या बाजूने कौल देईल काय?

नाही. येथेच पुष्कळांची गल्लत होते. बेंथॅम यांनी केवळ डोकी मोजायला सांगितलेले नाही. सुख किती उत्कट आहे, किती काळ टिकते, ते मिळण्याची खात्री किती, ते किती लवकर हाती येते, त्यातून पुढे आणखी सुख निपजते काय, त्यात दुःखाची भेसळ आहे काय आणि ते किती जणांपर्यंत पोहोचते, अशा सात बाजू त्यांनी सांगितल्या. मिरवणुकीचा आनंद तीन तासांचा. शिवाय त्या आवाजाने आजारी म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना त्रास होणार तो वेगळाच. मुलीचे शिक्षण जन्मभर टिकणारे. त्यातून तिच्या धाकट्या भावंडांचे शिक्षण होणार आणि उद्या कित्येक रुग्णांची शुश्रूषा होणार. नीट हिशेब केला तर पारडे मुलीकडे झुकते. बहुमत आणि उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला पहिला धडा.

बेंथॅम यांच्यानंतर जॉन स्टुअर्ट मिल (१८०६-१८७३) यांनी हा विचार पुढे नेला. सगळी सुखे एका तराजूत घालता येत नाहीत, बुद्धीचे व मनाचे सुख अधिक मोलाचे असते, असे त्यांनी सांगितले. व्यक्तिस्वातंत्र्यावर १८५९ मध्ये आणि स्त्रियांच्या दास्यावर १८६९ मध्ये त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. महाराष्ट्रात १८८८ साली ‘सुधारक’ पत्र काढणारे गोपाळ गणेश आगरकर यांच्यावर मिल यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता.

आता धोक्याकडे वळू. धरणाचे पाणी म्हणजे काय, हे कळवणकरांना सांगायला नको. चणकापूर आणि पुनंद ही धरणे आपल्याच तालुक्यात आहेत. धरणाने शेती भिजते, गावांची तहान भागते. पण नर्मदेवरील सरदार सरोवराचा विचार करा. त्याचा लाभ मुख्यतः दूरच्या लाखो लोकांना. पण महाराष्ट्रात त्याच्या बुडिताखाली आली ती नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे. बेरीज-वजाबाकी केली तर सुखाची रक्कम मोठी दिसेल. परंतु सुख एकाच्या पदरात आणि दुःख दुसऱ्याच्या, हे त्या बेरजेत दिसत नाही. म्हणूनच १९७९ च्या नर्मदा लवादाने जमिनीच्या बदल्यात जमीन, निदान दोन हेक्टर, देण्याचा निवाडा दिला. तो अमलात यावा म्हणून आदिवासींना वर्षानुवर्षे लढावे लागले. किंमत कोण मोजतो, हा प्रश्न बेरजेबाहेर राहिला की असे होते.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष त्यात उतरले. त्या वेळी कोणी म्हणाले असते, ‘दार बंद ठेवण्यात गावातल्या बहुसंख्यांना समाधान आहे,’ तर त्याला काय उत्तर द्यायचे? उपयुक्ततावादी म्हणेल, अपमानाचे दुःख त्या समाधानापेक्षा कितीतरी जड आहे. ते खरेच आहे. पण आम्ही विचारतो, माणसाची माणुसकी तराजूत घालायचीच कशाला? उद्या पारडे दुसरीकडे झुकले तर अस्पृश्यता योग्य ठरेल काय?

परमपूज्य बाबासाहेबांनी हा पेच नेमका ओळखला होता. ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदूइझम’ हे त्यांचे लिखाण १९८७ साली महाराष्ट्र शासनाने ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात छापले. त्यात त्यांनी धर्माला दोन कसोट्या लावल्या : उपयुक्तता आणि न्याय. एकीवर त्यांचे समाधान झाले नाही. न्याय म्हणजे स्वातंत्र्य, समता आणि बंधुता, असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी मिल यांचाच दाखला देऊन, कितीही थोर पुरुष असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, असे बजावले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली ती कोणाच्या सुखाची मोजणी करून नव्हे. मूलभूत हक्क बेरजेच्या वर ठेवलेले आहेत.

मग ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ म्हणजे बेंथॅमच काय, असे विद्यार्थी आम्हांस विचारतात. साम्य आहे, फरकही आहे. तथागतांच्या वचनात सुखाआधी हित येते आणि त्यामागे करुणा आहे. बहुजनांसाठी अल्पजनांचा बळी द्या, असे त्यात कोठेही नाही. मज्झिमनिकायातील एका सुत्तात भगवान बुद्धांनी राहुलाला कृतीची कसोटी सांगितली आहे : कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहा, याने माझी, दुसऱ्याची किंवा दोघांची हानी होते काय. येथे परिणामांचा विचार आहेच. पण ‘दुसरा’ त्यात गर्दीत हरवत नाही.

तेव्हा निर्णय घेताना आम्ही चार प्रश्न सुचवितो. याने एकंदर हित वाढते काय? किंमत कोण मोजणार? त्याला विचारले काय? आणि ज्याला हात लावता येणार नाही असा कोणाचा हक्क यात मोडतो काय? पहिला प्रश्न बेंथॅम यांनी शिकविला. उरलेले तीन विचारल्याशिवाय सभेत हात वर करू नये. आणि एखादा सभासद एकटाच विरोधात उभा राहिला, तर त्याला खाली बसविण्याआधी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढी आमची विनंती आहे.