योंग-मीच्या नावाची हाक

बर्फावरून दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढं झाडू मारत पळायचं! कर्लिंग हा खेळ टीव्हीवर पहिल्यांदा पाहिला की कुणालाही हसू येतं. पण ज्यानं कॅरम खेळलंय त्याला तो समजायला पाच मिनिटं पुरतात.

साधारण 45 मीटर लांबीची बर्फाची पट्टी असते. टोकाला एकात एक वर्तुळं असतात, त्यांना ‘घर’ म्हणतात. संघ चौघींचा. प्रत्येकीनं दोन दगड सरकवायचे. दगड ग्रॅनाइटचा, वजन जवळजवळ 20 किलो. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड झाले की एक डाव संपतो. घराच्या मध्याशी ज्यांचा दगड सर्वांत जवळ, गुण फक्त त्यांनाच. समोरच्यांच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा तुमचे जितके दगड जवळ, तितके गुण. असे दहा डाव.

मग झाडू कशाला? त्या बर्फावर मुद्दाम पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात. हातातून सुटताना दगडाला हलकासा पीळ दिलेला असतो, म्हणून तो वळत वळत जातो. त्याच्यापुढचा बर्फ ब्रशनं घासला की घर्षण कमी होतं. दगड अधिक लांब आणि अधिक सरळ जातो. म्हणजे सुटलेल्या दगडाला हात लावायचा नाही, पण त्याची वाट मात्र बदलता येते. आपल्या घरातल्या बायांच्या हातची केरसुणी कधी कुणाच्या हिशेबात आली नाही. इथं त्या घासण्यावर जगज्जेतेपद ठरतं.

महिलांची जागतिक स्पर्धा 1979 साली स्कॉटलंडमधल्या पर्थ इथं सुरू झाली. पहिलं विजेतेपद स्वित्झर्लंडचं. पुढं सर्वाधिक वेळा कॅनडा जिंकत आला. आशियातल्या संघाला तीस वर्षं वाट पाहावी लागली. 2009 मध्ये दक्षिण कोरियातल्या गांगन्युंगला वांग बिंगयूच्या चिनी संघानं स्वीडनला हरवलं.

त्याच गांगन्युंगमध्ये 2018 साली हिवाळी ऑलिंपिकचे सामने झाले आणि कोरियाच्या ‘लसूणवाल्या मुली’ गाजल्या. त्यांचं उइसोंग हे गाव लसणासाठी प्रसिद्ध. साऱ्यांचं आडनाव किम. कर्णधार किम उन-जुंग झाडणाऱ्या योंग-मीला नावानं हाक मारायची. घाईची हाक म्हणजे जोरात घास, लांबवलेली हाक म्हणजे थांब. सारा देश ती हाक मारू लागला. मी कविता लिहिणारा माणूस. एकाच शब्दाला सुराप्रमाणे वेगळा अर्थ येतो, हे मैफलीत ऐकलं होतं. बर्फावर प्रथमच ऐकलं.

त्यांना रौप्यपदक मिळालं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या मुलींनी जाहीर तक्रार केली : प्रशिक्षक आणि संघटनेतले त्यांचे वजनदार नातेवाईक आमच्याशी अपमानास्पद वागतात, बक्षिसाच्या पैशांचा हिशेब देत नाहीत. कोवळ्या वयापासून ज्यांच्या हाताखाली वाढल्या, त्यांच्याविरुद्ध बोलणं सोपं नव्हतं. कारकीर्दच पणाला लागली होती. 2019 मधल्या सरकारी चौकशीत बऱ्याच आरोपांत तथ्य आढळलं. 2021 मध्ये त्या गांगन्युंग शहराच्या संघातून नव्यानं खेळू लागल्या.

आणि मार्च 2022 मध्ये, कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज इथं, त्यांनी जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. कोरियाच्या महिला तिथवर कधीच पोचल्या नव्हत्या. समोर सिल्वाना तिरिंझोनीचा स्विस संघ, 2019 आणि 2021 चा विजेता. 2020 ची स्पर्धा करोनामुळं रद्द झाली होती. कोरिया 6-7 नं हरला, अवघ्या एका गुणानं. स्वित्झर्लंडनं 2023 मध्येही बाजी मारली. 2024 आणि 2025 ला मात्र कॅनडाच्या रेचल होमननं अंतिम फेरीत त्यांनाच हरवलं.

पुढच्या वेळी टीव्हीवर हा खेळ दिसला, तर चॅनेल बदलू नका. दगडाकडं पाहाच, पण त्याच्यापुढं वाकून घासणाऱ्या त्या दोघींकडंही पाहा. आणि आवाज थोडा वाढवा. कोण कुणाला काय सांगतंय, ते ऐकण्यासारखं असतं.